वडिलांच्या मूत्राशयात लिम्फोमा निघाला आहे. मूत्राशय काढावंच लागतं का? उपचार काय असतो?

नाही. लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर, पक्का असेल तर मूत्राशय सहसा काढावं लागत नाही, हे आधी घरात सगळ्यांना सांगून टाका. हा आजार केमोला आणि शेकायला (रेडिएशनला) चांगली दाद देतो.

पण तो पक्का झालाय का, हे तुमच्या प्रश्नावरून कळत नाही. तुम्ही लिहिलंय की दुर्बिणीतून तुकडा काढला, डॉक्टर ‘बहुतेक लिम्फोमा’ म्हणाले, आणि तुमचे काका म्हणतात, वाट कशाची बघता, लघवीची पिशवी काढून मोकळे व्हा. अशाच एका ‘बहुतेक’वरून आमचं घर दोन महिने पेटलेलं होतं. म्हणून लिहायला बसले.

मी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगावकडच्या एका गावात आशा म्हणून काम करते. दुखणं माझ्या सासूबाईंचं. साठी ओलांडलेली बाई, पण कापूस वेचणीत तरण्या पोरींच्या पुढे असायची. त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली, रात्री चार-चारदा उठणं सुरू झालं. आमच्याकडे उन्हाळ्यात हे घरोघरी असतं, धने-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा पिऊन लोक कामाला लागतात. “मले काई झालं नाई, उन्हायी लागली,” हेच त्यांचं उत्तर. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी आठ दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. एक दिवस न्हाणीतल्या फरशीच्या खाचेत मला गुलाबी पाणी दिसलं. त्या आधीपासून लाल लघवी लपवत होत्या, लुगडं स्वतःच धुवून टाकत होत्या. पाळी जाऊन पंधरा-वीस वर्षं झालेली बाई हे कोणाला सांगणार? लघवीतून रक्त गेलं आणि दुखत नसलं, तरी सोनोग्राफी झालीच पाहिजे. गोळ्यांवर गोळ्या देत बसणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो.

सोनोग्राफीत मूत्राशयाच्या भिंतीला गाठ दिसली. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात दुर्बीण टाकून तुकडा काढला. रिपोर्ट आला त्यात लिहिलेलं, ‘पुअरली डिफरन्शिएटेड मॅलिग्नन्सी’. म्हणजे कॅन्सर आहे, पण कोणत्या जातीचा ते नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येत नाही. आणि अगदी खाली, सहीच्या वर एक ओळ होती: आयएचसी करावी, म्हणजे त्याच तुकड्याची पुढची तपासणी. सर्जननी ती ओळ वाचूनही दाखवली नाही. मूत्राशय काढायचं, पोटावर कायमची लघवीची थैली बसवायची, असं सांगून तारीखही दिली.

त्या ओळीचं काय, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, त्यात वेळ जातो, पैसा जातो, उपचार तोच राहणार.

आता माझे भासरे, म्हणजे थोरले दीर. आमच्याकडे भासरे भावसुनेशी थेट बोलत नाहीत, जे असेल ते नवऱ्यामार्फत. मी दारामागे उभी, आणि ते ह्यांना सांगतायत, “तिले सांग, डॉक्टरले शिकवू नको म्हणा. एक डाव चाकू लागला का पसरते ते. आता काढूनच टाकलं पाह्यजे. आईचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार तुम्ही राहसान.” सगळं घर त्यांच्या बाजूने. ह्यांनी मात्र माझं ऐकलं, त्याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन.

आम्ही त्या लॅबमध्ये गेलो, सही केली आणि स्लाइड आणि ब्लॉक ताब्यात घेतले. ब्लॉक म्हणजे मेणाची छोटी वडी, प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेली, आणि मेणात तो तुकडा, मुगाच्या दाण्याएवढा. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर. लॅबवाल्या ताईंनी बजावलं होतं, उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडेल. मी तो कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवला, डब्याला ओला पंचा बांधला आणि एसटीत मांडीवर धरून नागपूरला नेला.

आयएचसी म्हणजे त्याच तुकड्याचे पातळ काप घेऊन वेगवेगळ्या खुणा रंगवून बघणं. मूत्राशयाच्या अस्तराचा नेहमीचा कॅन्सर असेल तर सायटोकेराटिन सहसा पॉझिटिव्ह येतं. आमचं निगेटिव्ह आलं. एलसीए पॉझिटिव्ह, म्हणजे पेशी पांढऱ्या रक्तपेशींच्या घराण्यातल्या. सीडी 20 पॉझिटिव्ह, सीडी 3 निगेटिव्ह, म्हणजे बी पेशींच्या. केआय 67 भरपूर, म्हणजे वेगाने वाढणारा. निदान झालं डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. मूत्राशयाच्या सगळ्या गाठींमध्ये लिम्फोमा शेकडा एकापेक्षाही कमी, आणि तो बायकांमध्ये जास्त दिसतो. सर्जनच्या डोळ्यासमोर नेहमीचाच आजार येतो, हे मी समजू शकते. पण रिपोर्टवर लिहिलेली ओळ सोडून देणं मी समजू शकत नाही.

उपचार तोच राहणार होता ना? तो मुळापासून बदलला. सर्जनकडून आम्ही केमोच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी पेट स्कॅन केला, कारण पुष्कळदा लिम्फोमा दुसरीकडे असतो आणि मूत्राशयात पसरून आलेला असतो. मूत्राशयाच्या बाबतीत पेटची एक अडचण आहे: स्कॅनसाठी टोचलेली साखर लघवीतूनच बाहेर पडते, त्यामुळे मूत्राशय तसंही चमकतं. म्हणून लघवी जास्त होण्याचं औषध देऊन पुन्हा फोटो काढतात. तुमच्याकडे दोनदा स्कॅनखाली नेलं तर घाबरू नका. मग हाडातला मगज तपासला, रक्तातलं एलडीएच, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही, आणि हृदयाचा टू-डी इको. हिपॅटायटिस बीची तपासणी सोडू देऊ नका. केमोबरोबर देतात त्या रिटक्सिमॅब औषधाने तो जुना, झोपलेला विषाणू पुन्हा उठू शकतो आणि लिव्हर जाऊ शकतं.

केमोचं नाव आर-चॉप. चॉप ही जुनी चार औषधं, आर म्हणजे रिटक्सिमॅब, जे नेमकं त्या सीडी 20 लाच जाऊन चिकटतं. खूण तपासलीच नसती तर हे औषध द्यायचं कोणाला सुचलं असतं? अमेरिकेत ते 1997 मध्ये आलं, आणि 2007 मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने आपल्याकडे त्याचा स्वस्त पर्याय काढला, म्हणून ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आलं. साधारण 21 दिवसांनी एक अशा बहुधा सहा सायकल असतात, आजार किती पसरलाय त्यावर कमी-जास्त.

पहिल्या सायकलनंतर संध्याकाळी सासूबाई बाथरूममधून ओरडल्या, लाल झाली, पुन्हा लाल झाली! त्या भिंतीला धरून थरथरत होत्या. ते रक्त नव्हतं. चॉपमधलं एक इंजेक्शन स्वतःच लालभडक असतं आणि एक-दोन दिवस लघवीला रंग येतो. सिस्टरने मला सांगितलेलं होतं, म्हणून मी त्यांना धरून बसवू शकले. ज्या माणसाचं दुखणंच लाल लघवीपासून सुरू झालं, त्याला हे आधी सांगितलंच पाहिजे. वडिलांना आजच सांगून ठेवा. मात्र लाली दोन दिवसांवर टिकली किंवा गाठी पडल्या तर लगेच दाखवा, कारण चॉपमधलंच दुसरं औषध मूत्राशयाला आतून सोलू शकतं. त्यासाठी केमोच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी पाजायचं, आणि रात्रीही उठवून लघवीला न्यायचं.

सासूबाईंची गाठ गेली. त्याला आता काही वर्षं झाली, मूत्राशय जागच्या जागी आहे, आणि त्या अजून वेचणीला जातात.

भासरे मात्र अजूनही पंगतीत बसले की सांगतात, ऑपरेशन केलं असतं तरी बरी झालीच असती, उगाच महिना घालवला. हे चूक आहे आणि मी ते इथे लिहून ठेवते. मूत्राशय काढलं असतं तरी लिम्फोमासाठी केमो लागलीच असती. एवढ्या मोठ्या ऑपरेशनची जखम भरेपर्यंत ती लांबली असती, आणि वेगाने वाढणाऱ्या आजाराला तो वेळ मिळाला असता. वेळ घालवला असता तो त्या ऑपरेशनने. आणि पोटावर थैली घेऊन विदर्भाच्या उन्हात निंदण-वेचण करणारी बाई मला कोणीतरी दाखवावी. दुर्बिणीच्या चाकूने कॅन्सर पसरतो ह्या बोलण्याने तर आमच्या भागात किती माणसं तपासणीविना गेली, ते मी घरोघरी फिरून पाहिलंय. तुकडा काढल्याशिवाय निदान नाही, आणि तो पुरेसा खोलवरचा हवा, कारण लिम्फोमा अस्तराच्या खाली असतो. लघवीच्या तपासणीत तो बहुतेक वेळा सापडतही नाही.

काही गोष्टी राहिल्या. सगळेच लिम्फोमा आमच्यासारखे नसतात. माल्ट नावाचा एक सावकाश वाढणारा प्रकार मूत्राशयात बऱ्यापैकी दिसतो. तो तिथल्या तिथे असेल तर 24 ते 30 ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप) एवढं थोडंसं शेकून भागू शकतं, आर-चॉपची गरज पडत नाही. आयएचसीसाठी थांबायचं ते दिवसांत, महिन्यांत नाही. लघवी अडली असेल किंवा किडनीला सूज आली असेल तर नळी टाकणं थांबवू नका. आणि वडिलांचा आजार लिम्फोमा न निघता नेहमीचा, स्नायूत शिरलेला कॅन्सर निघाला, तर मूत्राशय काढणं जीव वाचवू शकतं. तेव्हा माझं हे उत्तर दाखवून ऑपरेशन टाळू नका. मी डॉक्टर नाही.

दवाखान्यांमध्ये सेवाग्रामचं कस्तुरबा, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आपल्याला जवळ आहेत. ब्लॉक दुसऱ्यांदा वाचून घ्यायला मुंबईचं टाटा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मिळतं. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते भरतीच्या आधीच बघा, आमच्या गावात बहुतेकांचं तिथेच अडतं.

आणि काकांच्या म्हणण्यावरून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी वडिलांचा रिपोर्ट उघडून सीडी 20 पुढे काय लिहिलंय ते वाचा. तिथे काहीच लिहिलेलं नसेल तर उद्या सकाळी लॅबमध्ये जाऊन ब्लॉक मागा. कोणी आढेवेढे घेतले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.