संत्र्याच्या तेलाचा सुगंध अर्ध्या तासात नाहीसा होतो. तेल भेसळीचे असेल का, आणि रोजच्या वापरात त्याचा आनंद कसा घ्यावा?

आपण लिहिले आहे की, संत्र्याच्या इसेन्शियल ऑइलची १० मिलिलीटरची बाटली आणली, डिफ्यूजरमध्ये सहा-सात थेंब टाकले, पहिली काही मिनिटे घर सुगंधाने भरून गेले आणि अर्ध्या तासात काहीच उरले नाही; त्यामुळे दुकानदाराने फसवले की काय, अशी शंका आपल्या मनात आली आहे. माझे उत्तर थोडे उलटे वाटेल. तोच सुगंध खोलीत तीन दिवस दरवळत राहिला असता, तर मला त्या बाटलीची शंका आली असती.

माझे बालपण काटोलच्या बाजूला संत्र्यांच्या बागांमध्ये गेले आणि पुढे बरीच वर्षे मी साबणासाठी सुगंध तयार करणाऱ्या एका लहान कारखान्यात काम केले. त्यामुळे या तेलाशी माझी ओळख दोन्ही टोकांनी आहे. लहानपणी आम्ही भावंडे संत्र्याची ताजी साल दोन बोटांत दुमडून एकमेकांच्या डोळ्यांसमोर दाबत असू, आणि ज्याच्या डोळ्यांत तो फवारा जाई, तो रडत आईकडे धावत असे. तीच साल निरंजनाच्या ज्योतीजवळ धरून दाबली, तर ज्योतीत तडतडत ठिणग्या उडतात. तो फवारा म्हणजेच आपल्या बाटलीतले तेल. ते रसात नसते, फोडींत नसते. सालीच्या बाहेरच्या केशरी थरात जे बारीक ठिपके दिसतात, त्या तैलग्रंथींमध्ये ते भरलेले असते आणि साल दाबली की त्या फुटतात. कारखान्यातही यापेक्षा फार वेगळे काही घडत नाही. साल खरवडून किंवा दाबून तेल बाहेर काढतात, ते पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन घेतात आणि वेगाने फिरणाऱ्या यंत्रात पाण्यापासून वेगळे करतात.

या तेलात साधारण ९५ टक्के एकच पदार्थ असतो, तो म्हणजे लिमोनिन. त्याचा रेणू लहान आणि हलका असतो, आणि म्हणून तो भराभर हवेत उडून जातो. चंदनाच्या तेलातील मुख्य घटक सँटेलॉल ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो, तर लिमोनिन १७६ अंशांना. उकळण्याच्या तापमानातील हा फरक साध्या खोलीतही जाणवतो. चंदनाचा थेंब कापडावर दिवसभर बसून राहतो, संत्र्याचा थेंब पाहुण्यासारखा येतो आणि चहा घेऊन निघून जातो. आणखी एक गंमत अशी की, लिमोनिनला स्वतःचा असा फार ठळक सुगंध नसतो. ज्याला आपण ‘संत्र्याचा वास’ म्हणतो तो उरलेल्या पाच टक्क्यांतील ऑक्टॅनल, डेकॅनल यांसारख्या, अगदी अल्प प्रमाणात असणाऱ्या घटकांची करामत असते.

दुसरे कारण तेलात नसून आपल्या नाकात आहे. एकाच वासात पंधरा-वीस मिनिटे बसलेल्या माणसाचे नाक त्या वासाची दखल घेणे सोडून देते. म्हणूनच स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास बाहेरून येणाऱ्याला आधी लागतो. पुढच्या वेळी सुगंध ‘संपला’ असे वाटले, की दहा मिनिटे गच्चीवर किंवा जिन्यात जाऊन परत या. बरेचदा तो तिथेच असतो.

तरीही शंका फिटली नसेल, तर कारखान्यात आम्ही जे करत असू ते घरीही करता येते. जाड पांढऱ्या कागदाची, शक्यतो चित्रकलेच्या कागदाची, बोटभर रुंद पट्टी कापावी, तिच्या टोकावर एक थेंब टाकावा, वेळ लिहून ठेवावी आणि पट्टी उघड्यावर ठेवून द्यावी. लगेच, मग तासाभराने आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा वास घ्यावा. खऱ्या तेलाचा वास आधी झगमगीत असतो, नंतर मऊ आणि गोडसर होतो, आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ नाहीसा होतो. कागदावर एखादी पुसट पिवळसर खूण राहू शकते, कारण दाबून काढलेल्या तेलात सालीतील थोडे मेण आणि रंग असतातच. उलट, कागदावर तेलकट, पारदर्शक डाग तसाच राहिला, तर त्यात कोणते तरी खाद्यतेल मिसळलेले आहे असे समजावे. आणि तिसऱ्या दिवशीही संत्र्याच्या गोळीसारखा गोड वास येत असेल, तर बाटलीत कृत्रिम सुगंध भरलेला असण्याची शक्यता मोठी. एक दिलासा असा की, संत्र्याचे तेल हे सर्वांत स्वस्त सुगंधी तेलांपैकी एक आहे. ब्राझीलमधील संत्र्याच्या रसाच्या उद्योगात ते जोडउत्पादन म्हणून प्रचंड प्रमाणात निघते, त्यामुळे त्यात भेसळ करून कमाई फारशी होत नाही. उलट महागड्या लिंबूवर्गीय तेलांमध्येच संत्र्याच्या तेलातील लिमोनिन मिसळले जाते.

बाटलीवरचे शास्त्रीय नाव मात्र अवश्य पाहा, कारण अपेक्षाभंगाचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. ‘स्वीट ऑरेंज’ या तेलावर सिट्रस सायनेन्सिस असे लिहिलेले असते आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती आपल्या मोसंबीची जात आहे. नागपुरी संत्रे, ज्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते सिट्रस रेटिक्युलाटा, म्हणजे मँडरिनच्या कुळातले. वरुड-मोर्शीच्या संत्र्याची सैल साल सोलताना जो वास येतो तो आपल्याला हवा असेल, तर ‘मँडरिन’ लिहिलेले तेल त्याच्या अधिक जवळ जाईल. लिंबाचेही तसेच आहे. ‘लेमन’ म्हणजे सिसिली किंवा अर्जेंटिनातले पिवळे, जाड सालीचे फळ. आपले कागदी लिंबू ‘लाइम’मध्ये मोडते, आणि दोन्हींचे वास शेजारी ठेवून घेतले तर फरक लहान मुलालाही कळतो.

आता रोजच्या वापराकडे येते. उडून जाणे हा या सुगंधाचा स्वभाव आहे, हे एकदा मान्य केले की, त्याला दिवसभर पुरवण्याचा अट्टहास सुटतो आणि खरी मजा येऊ लागते. डिफ्यूजरमध्ये सहा-सात थेंब टाकून तो तासन्‌तास चालू ठेवण्यापेक्षा दोन-तीन थेंब, पंधरा मिनिटे आणि मग बंद, असे दिवसातून दोनदा केलेले मला अधिक आवडते. मी तर डिफ्यूजरही फारसा वापरत नाही. सकाळी कामाला बसण्याआधी सुती रुमालाच्या एका कोपऱ्यावर एक थेंब टाकते. तो कोपरा नाकाजवळ नेला की सुगंध, बाजूला ठेवला की नाही. उन्हाळ्यात घरी आणलेली वाळ्याची जुडी थोडी ओलसर करून तिच्यावर संत्र्याचे दोन थेंब टाकले, तर आधी संत्रे आणि मागाहून वाळ्याचा मातीसारखा गारवा असा जोडसुगंध मिळतो. वाळ्याचे घटक जड आणि सावकाश उडणारे असल्याने हलक्या सुगंधाला ते थोडे धरून ठेवतात. साबणाच्या सुगंधात संत्र्याला आधार म्हणून आम्ही असेच एखादे जड तेल घालत असू. नुसते संत्रे घातलेल्या साबणाचा वास दुकानात पोहोचेपर्यंत फिका पडतो.

फरशी पुसण्याच्या पाण्यातही हे तेल छान वाटते, मात्र ते थेट बादलीत टाकू नये. तेल पाण्यात मिसळत नाही. ते वर तरंगते आणि एकाच जागी जास्त लागते. आधी चमचाभर द्रव साबणात आठ-दहा थेंब नीट ढवळून घ्यावेत आणि मग ते पाण्यात घालावेत. आंघोळीच्या पाण्यात थेंब टाकण्याची हौसही याच कारणाने टाळावी, कारण तरंगणारे न मिसळलेले तेल थेट त्वचेवर बसते आणि चुरचुरते. अंगाला किंवा केसांना लावायचे असेल, तर ३० मिलिलीटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात संत्र्याचे सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का, पुरेसे होतात.

खरे सांगायचे, तर बाटली हा या सुगंधाचा दुसरा उत्तम मार्ग आहे. पहिला ताज्या सालीचा. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास बाजारात असतात, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडावर येतात, आणि त्या महिन्यांत मी बाटली उघडतसुद्धा नाही. कोऱ्या चहाच्या कपावर रुपयाच्या नाण्याएवढा सालीचा तुकडा, केशरी बाजू चहाकडे करून, वाकवून दाबावा. चहाच्या पृष्ठभागावर तेलाचे बारीक चमकते ठिपके पसरलेले दिसतात आणि पहिल्या घोटाआधीच वास नाकात शिरतो. (बाटलीतले तेल मात्र खाण्यापिण्यात वापरू नये, ते खाद्य दर्जाचे आहे असे स्पष्ट लिहिलेले नसते तोवर तर नाहीच.) उटण्यासाठी आपण साली वाळवतो, पण कडक उन्हात वाळवल्यास त्यांतले बहुतेक तेल उन्हाबरोबरच निघून जाते. सावलीत, कापडावर पसरून वाळवल्यास थोडे तरी राहते. उटण्याचा जो वास आपल्या लक्षात असतो, तो मात्र बराचसा कचोरा आणि नागरमोथ्याचा असतो, हे संत्र्याच्या भागातली असूनही मला कबूल केले पाहिजे. आणि आपल्याला लिंबाचा टवटवीत वास हवा असेल, तर कुंडीत गवती चहा लावा. लिंबाच्या तेलाला त्याचा खास वास देणारे सिट्रल त्यात दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असते, तर गवती चहाच्या तेलात तेच सिट्रल सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत असते.

काळजीबद्दल आपण विचारले नसले, तरी एक अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी गच्चीवर बसून लोणच्यासाठी शंभरेक कागदी लिंबे चिरली. भर दुपार होती, हात मनगटापर्यंत लिंबाच्या सालीने आणि रसाने ओले होते. तेव्हा काहीच झाले नाही. दोन दिवसांनी डाव्या हाताच्या पाठीवर लालसर पट्टे उठले, मग ते तपकिरी झाले, आणि रस जसा ओघळला होता अगदी तशीच त्यांची नक्षी पुढे दोन महिने राहिली. लिंबाच्या सालीत बर्गाप्टेन आणि त्याच्या जातीचे पदार्थ असतात. ते त्वचेवर असताना ऊन लागले की भाजल्यासारखा परिणाम होतो. दाबून काढलेल्या तेलातही ते उतरतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने, अंगावर लावून तसेच ठेवायच्या पदार्थांत दाबून काढलेल्या लेमन तेलासाठी २ टक्के, लाइमसाठी ०.७ टक्के आणि बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलासाठी केवळ ०.४ टक्के अशी मर्यादा घातली आहे. ऊर्ध्वपातनाने काढलेल्या लाइमच्या तेलात हा धोका नसतो, आणि गोड संत्र्याच्या तेलाबाबतही तो नाही. लिंबाचे किंवा बर्गामॉटचे तेल लावून उन्हात जाऊ नये, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

घरात मांजर असेल, तर डिफ्यूजर तिच्या खोलीत लावू नका आणि तेल तिच्या अंगावर तर मुळीच लागू देऊ नका; अशा पदार्थांचा निचरा करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात दुबळी असते. प्लॅस्टिकचीही थोडी काळजी घ्यावी. थर्माकोलच्या तुकड्यावर संत्र्याच्या तेलाचा एक थेंब टाकून पाहा, तिथे डोळ्यांदेखत खड्डा पडतो. त्याच कारणाने डिफ्यूजरचे भांडे प्रत्येक वेळी पुसून ठेवावे, आणि रबरी फुग्याचे ड्रॉपर असलेल्या बाटलीत हे तेल साठवू नये. काही महिन्यांत तो फुगा चिकट, मऊ होतो आणि त्याचा वास तेलात उतरतो.

साठवणीचा नियम सोपा आहे: गडद काच, घट्ट झाकण, फ्रिजचा दरवाजा. लिमोनिन हवेशी संयोग पावून बिघडते, आणि त्यातून तयार होणारे पदार्थ अनेकांच्या त्वचेला सोसत नाहीत. म्हणून मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून आणू नका. १० मिलिलीटरचीच आणा, तिच्यावर उघडल्याची तारीख लिहा आणि वर्षभरात संपवा. बाटली अर्धी झाली, की उरलेले तेल लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवल्यास आत हवा कमी राहते. वासात टर्पेंटाइनची झाक येऊ लागली, की ते अंगाला लावणे आणि डिफ्यूजरमध्ये घालणे बंद करावे. माझ्याकडे अशी एक बाटली ओट्याखाली, साफसफाईच्या सामानात आहे. लोणच्याच्या काचेच्या बरण्यांवरचे लेबल निघाल्यावर जो चिकट गोंद उरतो, त्यावर हातमोजा घालून त्या तेलाचे दोन थेंब चोळले आणि पाच मिनिटे थांबले, की तो एका पुसण्यात निघतो.