चाळीस खाटांच्या आराखड्याबद्दल

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

आराखडा मिळाला. नकाशा नेटका आहे, पावसाचं पाणी साठवायची सोयही विचार करून केली आहेस. तरीही स्पष्टच सांगते, आफ्रिकेतल्या मलावी देशात, डेड्झा जिल्ह्यातल्या त्या गावात चाळीस खाटांचा अनाथाश्रम बांधू नकोस. पैसे जमलेत, पुण्यातली मंडळी उत्साहात आहेत, सगळं कळतं मला. पण त्या खाटांवर झोपणार कोण, याचं उत्तर तुझ्या कागदांत मला सापडलं नाही.

'गावात साठेक अनाथ मुलं आहेत' असं तू लिहिलंयस. हा आकडा कुणी काढला आणि कसा, ते आधी विचार. युनिसेफच्या व्याख्येत अठरा वर्षांखालच्या मुलाच्या आईवडिलांपैकी एक जण जरी गेला तरी ते मूल अनाथ धरतात. या हिशेबाने २०१५ साली जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुलं होती, आणि त्यांतली आई-वडील दोघेही गेलेली मुलं होती सुमारे दीड कोटी. म्हणजे दहातल्या जवळजवळ नऊ मुलांना आई तरी आहे, नाहीतर बाप. मलावीच्या मध्य भागात तर चेवा लोकांची वस्ती. त्यांच्यात कूळ आणि जमीन आईकडून चालते. लग्न झालं की बहुतेकदा नवराच बायकोच्या गावी राहायला येतो. तो गेला तरी ती बाई आपल्याच शेतावर, आपल्याच माणसांत असते, आणि मुलांच्या बाबतीत मामाचा शब्द एरवीही वजनदार. आई गेली तर आजी असते, मावश्या असतात. अशा गावात तू तिन्ही त्रिकाळ जेवण आणि इंग्रजी शिकवणारी इमारत उभी केलीस, तर उपासमारीच्या महिन्यात कुठलीही शहाणी आजी नातवाला तिकडे धाडेल. तिचं काय चुकलं? खाटा भरतील आणि तुझ्या अहवालात 'गरज सिद्ध झाली' असं छापून येईल. नुसत्या गरिबीपायी मूल घरातून हलवू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलंय. तो दस्तऐवज एकदा शांतपणे वाचून काढ.

गाव काही तुझी वाट बघत बसलेलं नाही. एड्सने तिथली ऐन उमेदीतली माणसं नेली, तेव्हा औषधं नव्हती. सरकारी दवाखान्यांतून ती मोफत मिळायला २००४ साल उजाडलं. पुढे २०११ मध्ये लागण झालेल्या प्रत्येक गरोदर बाईला आयुष्यभर औषध द्यायचं धोरण जगात पहिल्यांदा मलावीनेच आणलं. पण त्याआधीची सगळी वर्षं मुलं सांभाळली ती आज्यांनी. तिकडे त्यांना 'अगोगो' म्हणतात. आणि मुलांना दिवसा ठेवायचं कुठे, यावर गावोगावच्या लोकांनीच केंद्रं उभी केली. सरकारदप्तरी त्याला भलंमोठं इंग्रजी नाव आहे. लोक 'सुकुलु या म्काका' म्हणतात, म्हणजे आपली बालवाडी.

तुझ्या गावातही असं केंद्र आहे. तुझ्या पत्रात त्याला जेमतेम अर्धी ओळ मिळाली आहे, म्हणून मीच सांगते. पोहोचलीस की पहिले काही दिवस तिथेच काढ. सकाळी तीन दगडांच्या चुलीवर पातेलं चढतं. चार भाग मक्याचं पीठ, एक भाग सोयाबीनचं, थोडी साखर. याला लिकुनी फाला म्हणतात. दिसायला आपल्या आंबिलीसारखी, चवीला गोडसर. मुलं घरून प्लास्टिकचे कप घेऊन येतात. ज्याच्याकडे कप नाही तो शेजारच्याची पेज संपेपर्यंत उभा राहतो. रांधणाऱ्या, गाणी शिकवणाऱ्या बाया गावातल्याच, आणि बहुतेक बिनपगारी. पीठ, सरपण, पाणी घरोघरून येतं. इथे कुणाची आई आहे, कुणाची नाही, हे कुणी विचारत नाही. पातेलं सगळ्यांचं एकच.

मग अडतं कुठे? मक्याचं मुख्य पीक वर्षातून एकदा, एप्रिल-मेमध्ये निघतं. डिसेंबर-जानेवारीत कणग्यांचा तळ दिसू लागतो, घरोघरचं पीठ आटतं आणि चूल बंद पडते. म्हणजे पेजेची खरी गरज असते त्याच महिन्यांत केंद्राला कुलूप. याच दिवसांत आजी आणि मोठी नातवंडं दुसऱ्याच्या शेतात 'गान्यू' करायला जातात, म्हणजे पिठाच्या बदल्यात मोलमजुरी. तेव्हाच खुरपणीचा हंगाम असतो. दुसऱ्याचं शेत साफ होतं, स्वतःचं तणात जातं, आणि पुढच्या वर्षीचा मका आताच कमी होतो. हे चक्र मला वाटतं इतर सगळ्यापेक्षा आधी समजून घ्यायला हवं, कारण तुझा पैसा नेमका इथे कामाला येईल. केंद्राच्या नावाने सामायिक जमीन असेल तर नोव्हेंबरात, पहिल्या पावसाआधी, मक्याचं आणि सोयाबीनचं बियाणं आणि खत हातात पडू दे. खत जानेवारीत पोचलं तर पेरणीच्या वेळचं ते चुकलंच. गावप्रमुखाने तुला इमारतीसाठी देऊ केलेली जागा कसदार असेल, तर तिथे पेरणीच करू द्यावी अशी त्याला विनंती कर. धान्य साठवायला चांगली जागा करा. केंद्राचं छप्पर गळत असेल तर पत्रे घाला. फलकावर देणगीदारांची नावं नाही घातली तर फार बरं.

त्या बायांना मानधन द्यावं असं तुला वाटेल, आणि वाटायलाच हवं. पण एक वर्ष देऊन हात आखडणार असशील तर सुरूच करू नकोस. पैसे थांबले की कामही थांबतं, आणि आधी जे गावाचं होतं ते 'त्या बाईंचं' होऊन बसतं. पाच वर्षांची तजवीज हातात असेल तेव्हा गावासमोर तोंड उघड, त्याआधी नाही.

आता यादीबद्दल. यात भलेभले फसतात. 'अनाथ मुलांची यादी' अशी कागदाची सुरुवातच करू नकोस. एका झोपडीत पाच मुलं आहेत, दोन मेलेल्या लेकीची, तीन जिवंत लेकीची. तू दोघांना नवं ब्लँकेट आणि गणवेश दिलास. रात्री ब्लँकेट पाचांवर आडवं पसरलं जाणार, ते ठीकच. गणवेश मात्र दोघांनाच, आणि उरलेली तिघं सकाळी शाळेच्या वाटेवर त्यांना काय म्हणतील ते तुला कानांनी ऐकायला मिळेल. मलावी सरकारची रोख मदतीची योजना, म्तुकुला पाखोमो, २००६ मध्ये म्चिंजी जिल्ह्यात सुरू झाली. तिचा निकष मला फार शहाणपणाचा वाटतो. आईबाप आहेत का, हे ती विचारत नाही. घर अत्यंत गरीब आहे का, आणि कमावते हात किती, खाणारी तोंडं किती, एवढंच ती बघते. धडधाकट कमावतं माणूसच नाही, किंवा एकाच्या जिवावर तीनपेक्षा जास्त माणसं आहेत, अशी घरं निवडतात. थकलेली आजी आणि चार नातवंडं या निकषात आपसूक बसतात, कपाळावर कसलाही शिक्का न बसता. आपल्याकडची बालसंगोपन योजनाही मुलाला घरातच ठेवून मदत करते, पण तिच्यात आधी मूल निवडतात. इथे घर निवडतात.

ती यादी गावातली समिती करते आणि भर सभेत वाचून दाखवली जाते. अशा सभेला जा आणि मागे बस. प्रमुखाच्या भाच्याचं नाव आलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही, तर लगेच निष्कर्ष काढू नकोस. भाचा खरंच अडलेला असू शकतो. सभा पांगल्यावर बोअरवेलवर बाया पाणी भरतात, तिथे खरं कळतं. तुला चिचेवा, म्हणजे तिथली बोली, कामापुरती तरी यायला हवी, ती याचसाठी. दुभाषा प्रमुखानेच नेमलेला असेल तर बोअरवेलवर कुणी तोंड उघडणार नाही.

प्रमुखांना टाळून मात्र काही करता येत नाही, आणि करूही नये. डेड्झाच्याच थेरेसा काचिंडामोटो या ज्येष्ठ प्रमुख बाईंनी आपल्या हद्दीतले शेकडो बालविवाह रद्द करून मुलींना परत शाळेत धाडलं. लग्नाचं किमान वय सरसकट अठरा करणारी घटनादुरुस्ती २०१७ मध्ये झाली, पण काचिंडामोटोंचं काम त्याच्या आधीपासूनचं होतं. गावात कायद्याआधी प्रमुखाचा शब्द पोचतो. आईबाप नसलेल्या मुलीचं लग्न सगळ्यांत आधी उरकलं जातं, कारण एक तोंड कमी होतं. प्राथमिक शाळा १९९४ पासून मोफत आहे, पण आठवीनंतर वसतिगृह, वह्या, साबण, सगळ्याला पैसे पडतात. तुझ्या निधीतला मोठा वाटा मी माध्यमिक शाळेतल्या मुलींवर घालीन. निवड समितीने करावी. वसतिगृहाचे पैसे थेट शाळेत भरावे, पावती समितीकडे राहावी.

तिथल्या बचत गटाच्या पेटीत पैसे टाकायचा मोह होईल. अजिबात नको. तू इथे बचत गटांचं काम केलंयस, तुला हे लगेच पटेल. तिकडची ही पेटीची पद्धत १९९१ मध्ये नायजरमध्ये सुरू झाली आणि आफ्रिकाभर पसरली. लोखंडी पेटी, तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायांच्या घरी. पैसे सगळ्यांदेखत मोजायचे, वर्षाअखेर वाटून घ्यायचे. आतला प्रत्येक क्वाचा, म्हणजे तिकडचा रुपया, कुणाच्या ना कुणाच्या घामाचा असतो, म्हणून कर्ज परत येतं. बाहेरचा पैसा पडला की वसुलीची धार जाते. त्याच पेटीत आजारपणासाठी आणि मयतीसाठी वेगळा निधी असतो. पोरक्या मुलांना त्यातून काही द्यायचं का, ते त्यांना ठरवू दे.

आणि खरंच ज्याला कुणी नाही असं एखादं मूल भेटलं तर? भेटू शकतं. नातलग छळतात म्हणून पळून आलेलंही भेटेल. तेव्हा स्वतः निर्णय घेऊ नकोस, आपल्या खोलीवर तर मुळीच आणू नकोस. जिल्ह्याच्या समाजकल्याण अधिकाऱ्याकडे जा. मूल दुसऱ्या कुटुंबात सोपवायची रीतसर तरतूद २०१० च्या बालसंरक्षण कायद्यात आहे. त्या कार्यालयात गाडीला डिझेल नसतं, अशी परिस्थिती नेहमीची. डिझेलचा खर्च तुझ्या अंदाजपत्रकात आधीच धरून ठेव. देणगीदार नाकं मुरडतील, मुरडू देत.

त्यांना मुलांचे फोटो आणि नावं हवी असणार. देऊ नकोस. किती पोती खत गेलं, जानेवारी ते मार्च केंद्र किती दिवस चालू राहिलं, नववीत किती मुली टिकल्या, एवढं कळव. ज्यांना एवढ्याने समाधान नाही, त्यांचे पैसे परत करायची तयारी ठेव. अवघड आहे, पण फोटोवर आलेला पैसा पुढच्या वर्षी आणखी केविलवाणा फोटो मागतो.

जायचं ते ऑगस्टच्या आसपास. रस्ते कोरडे असतात, कापणी होऊन गेलेली असते, लोकांना बोलायला सवड असते, आणि नोव्हेंबरच्या पेरणीआधी ठरवाठरवीला वेळ मिळतो. नवा कागद दोन पानांत बसव. पहिल्या पानावर पेरणीचा आणि साठवणुकीचा खर्च, दुसऱ्यावर जानेवारी ते मार्च केंद्र चालवायचा आणि मुलींच्या शाळेचा. वास्तुविशारदाला आगाऊ रक्कम दिली असशील तर ती सोडून दे. कागद गावच्या समितीला वाचून दाखव, त्यांनी खोडलेलं तसंच राहू दे, आणि तीच खाडाखोड झालेली प्रत मला पाठव. स्वच्छ टंकलेली नको.

तुझी,
ताई