कुत्र्यांचे फोटो बाजूला काढू नकोस

प्रिय बाय,

मडगाव स्टेशनाबाहेर राहणाऱ्या मुलांच्या हाती तू कॅमेरे दिलेस आणि त्यांनी काय टिपलं, तर कुत्री, चपला, विजेच्या तारा आणि एकमेकांचे वेडेवाकडे चेहरे. तुझ्या वरिष्ठांना त्यात ‘बेघरपण’ दिसत नाही. फुटपाथवरचं अंथरूण, रिकामी थाळी असं काही टिपायला मुलांना सांगू का, असं तू विचारतेस. नको सांगूस. सांगितलंस की तो फोटो तुझा झाला, मुलानं नुसतं बटण दाबलं.

फोटो मुलाचा आणि त्या फोटोवरचं पहिलं वाक्यही मुलाचंच. बाकी सगळं चुकलं तरी निभावेल, हे सोडू नकोस.

जिम हबर्ड हा वृत्तछायाचित्रकार वॉशिंग्टनमध्ये बेघर कुटुंबांचे फोटो काढायचा. १९८९ साली त्यानं तिथल्या मुलांनाच कॅमेरे द्यायला सुरुवात केली. पुढे कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या बायकांबरोबर हेच काम केलं आणि त्याची पद्धत बसवली. तुझ्या प्रशिक्षणात शिकवलेले पाच प्रश्न त्याच परंपरेतले : यात काय दिसतं, खरं काय चाललंय, आपल्या जगण्याशी याचा काय संबंध, हे असं का आहे, आणि आपण काय करू शकतो. तू ते फॉर्म भरल्यासारखे विचारलेस, हे तुझ्या पत्रातल्या उत्तरांवरूनच कळतं. एकेका ओळीची उत्तरं! अगं, एक फोटो घे, मुलाशेजारी जमिनीवर बस आणि अर्धा तास दे. तो कन्नडमध्ये बोलला तर कन्नड जाणणारं कुणीतरी बरोबर ने. हिंदीत आटप, असं त्याला म्हणू नकोस.

आमच्या गटातल्या एका मुलीनं म्हापशाच्या बाजाराजवळच्या पैसे देऊन वापरायच्या शौचालयाचा फोटो काढला होता. दारात टेबल, टेबलामागे पैसे घेणारा माणूस. आम्ही मोठ्यांनी लगेच अर्थ लावला : बघा, मुलींना शौचालयासाठीसुद्धा पैसे मोजावे लागतात. तिला विचारलं तर म्हणाली, हा काका माझी पिशवी टेबलाखाली ठेवू देतो. मग इतर मुलंही बोलू लागली. कपडे कुठे ठेवायचे, साठवलेले पैसे कुणाकडे द्यायचे, शाळेचा दाखला भिजू नये म्हणून काय करायचं. सामान ठेवायला जागा नाही म्हणून सगळा दिवस त्याच्या राखणीत जातो, म्हणून शाळेत जाता येत नाही. आमच्या प्रश्नावलीत हा प्रश्नच नव्हता. तुझ्या कुत्र्यांच्या फोटोंमागे काय आहे ते मला ठाऊक नाही, तुलाही नाही. विचार.

त्याच कामाला पैसे देणाऱ्यांना पुढे कॅलेंडर काढायचं होतं. फोटो मुलांचे, खालच्या ओळी त्यांच्या माणसानं लिहिलेल्या. मी नाही म्हणालो. पैसे थांबले, कॅमेरे परत गेले आणि पावसाळा लागला तशी मुलं पांगली. काहींच्या प्रती त्यांना द्यायच्या राहून गेल्या. त्या अजून माझ्या कपाटात आहेत, आणि ते मला फार लागतं. माझ्या हट्टापायी मुलांच्या हातचा कॅमेरा गेला, असं तेव्हा जवळची माणसंही म्हणाली. म्हणोत. त्या पोरीच्या फोटोखाली ‘मूलभूत सुविधांपासून वंचित बालपण’ असं छापून शंभर कार्यालयांच्या भिंतींवर टांगलं असतं, तर तिच्या पिशवीचं कुणाला कळलं असतं? आज कुणी विचारलं तरी माझं उत्तर तेच.

आणि हा नुसता माझा आग्रह नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती. वयाची अट नाही, कॅमेरा कुणाच्या पैशाचा हेही बघत नाहीत. पण दुसरा कायदाही ध्यानात ठेव. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करायला मनाई करतं. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथेच खरी पंचाईत होते, कारण मुलाला आपलं नाव फोटोखाली हवं असतं आणि त्याचं ते मागणं रास्त आहे. आम्ही यावर असा तोडगा काढला : प्रदर्शनासाठी मुलानं स्वतःच एखादं नाव घ्यायचं आणि त्याच्या हातात द्यायच्या प्रतीमागे खरं नाव लिहायचं. चेहरे दिसणारे फोटो गटाबाहेर न्यायचे नाहीत. संमती एकदा घेऊन भागत नाही. फोटो काढायची वेगळी, दाखवायची वेगळी, आणि मुलानं मन बदललं तर फोटो निमूट उतरवायचा.

तू आता मोबाइल देणार म्हणतेस. कॅमेऱ्यातलं लोकेशन आधी बंद कर. मूल कुठे झोपतं हे फोटोच्या फाइलमधून भलत्याला कळता कामा नये. रात्री मोबाइल मुलांकडे राहू देऊ नकोस, मोठी पोरं हिसकावतात आणि वर चोरीचा आळ येतो. आणि काम मे महिन्यात गुंडाळू नकोस. पावसाळ्याआधी किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामी खानावळी, मोडले की कळंगुट-बागाकडच्या मुलांची कमाई आणि निजायची जागा दोन्ही बदलतात. जूनचे फोटो नसतील तर तुझ्याकडे अर्धंच वर्ष आहे.

बैठकीत कुत्र्यांचे सगळे फोटो टेबलावर मांड. वरिष्ठांनी ओळी मागितल्या तर मुलांच्या दे, आणि मुलं अजून बोलली नसतील तर कागद कोरा ठेव. छापायचे पैसे कमी पडले तर मला कळव. प्रत्येक फोटोच्या दोन प्रती काढ, आणि मुलाची प्रत त्याच आठवड्यात त्याच्या हातात दे.

तुझा,
काका