पक्षी-छायाचित्रणासाठी ४०० मिमी लेन्स घ्यावी की ६०० मिमी? आणि पावसाळ्यात तिबोटी खंड्याचे घरटे कोठे सापडेल?

लेन्सचे उत्तर थोडक्यात देतो. तिबोटी खंड्या, म्हणजे किंगफिशरच्या कुळातला हा इवलासा पक्षी, जेथे राहतो, त्या ओहोळांवर अंतरापेक्षा अंधाराची अडचण मोठी असते, म्हणून ४०० मिमी घ्या आणि उरलेल्या पैशांत ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी) दुर्बीण घ्या. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाने मात्र माझी जुनी खपली काढली आहे, तेव्हा पुढचे सगळे त्याविषयीच आहे.

नऊ वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही सहा जण पहाटे तीनला पुण्याहून निघून रायगड जिल्ह्यातील एका गावामागच्या ओहोळावर पोहोचलो. तेथे मातीच्या दरडीत या पक्ष्याचे बीळ होते आणि बिळाच्या तोंडावर नेच्याची पाने लोंबत होती. ती आड येतात, चित्र स्वच्छ मिळत नाही, असे म्हणून आमच्या गटातील एका ज्येष्ठांनी खिशातून कात्री काढून ती मुळापासून कापली. मग त्यांनी शेवाळलेली एक सुबक काडी शोधून बिळापासून दोन हातांवर रोवली आणि त्या काडीवर सहा कॅमेरे रोखून आम्ही दहा-बारा फुटांवर ठाण मांडले. लपून बसायला आडोसा नव्हता, डोक्यावर छत्र्या होत्या आणि त्यांतली एक लालभडक होती. ती माझी होती.

पक्षी आला तो चोचीत सापसुरळी घेऊन आला आणि आम्हाला पाहून समोरच्या जाळीतच थांबला. सापसुरळीचे डोके चोचीच्या बाहेरच्या टोकाला होते. खंड्याला भक्ष्य स्वतः गिळायचे असेल, तर तो त्याचे डोके घशाकडे घेतो. डोके बाहेर धरलेले असेल, तर तो घास बहुधा दुसऱ्याला भरवायचा असतो. चिमणीपेक्षाही लहान असलेला तो जीव मान वरखाली करीत तेथे बसून राहिला, दोनदा बिळाकडे झेपावला, दोनदा मागे फिरला, आणि माझ्या घड्याळाप्रमाणे चाळीस मिनिटांनी त्याने ती सापसुरळी फांदीवर आपटली, उलटी फिरवली आणि स्वतः गिळून टाकली. आत पिले होती. त्यांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

नंतरच्या फेरीला तो दुसरी सापसुरळी घेऊन काडीवर बसला आणि सहाही कॅमेरे एकदम कडकडले. परतीच्या वाटेवर ज्येष्ठ म्हणाले की पक्षी समोर येऊन बसतो, याचाच अर्थ त्याला आपला त्रास होत नाही. हा युक्तिवाद मी त्यानंतर किमान वीस जणांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो साफ खोटा आहे. पिले बिळात होती म्हणून त्याला यावेच लागले, एवढाच त्या बसण्याचा अर्थ होता. त्यांचे ते छायाचित्र पुढे एका स्पर्धेत बक्षीसपात्र ठरले. त्यातही सापसुरळीचे डोके बाहेरच्या बाजूला आहे. पण परीक्षकांपैकी कोणी ते वाचले नसावे.

चार दिवसांनी मी एकटाच तेथे गेलो, तेव्हा बिळाचे तोंड उकरलेले होते आणि आत काहीही नव्हते.

म्हणून कोणत्याही घरट्याचा पत्ता मी तुम्हाला देणार नाही, खासगी संदेशातूनही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना बाधा पोहोचवणेही येते, हे हौशी मंडळींपैकी फार थोड्यांना माहीत असते. तुम्हाला हा पक्षी खरोखर पाहायचा असेल, तर जूनच्या पहिल्या सरींनंतर कोकणातील एखाद्या सावलीच्या ओहोळाकाठी मळकट रंगाचे कपडे घालून दोन तास न हलता बसा आणि आधी त्याचा बारीक, तीक्ष्ण आवाज ओळखायला शिका. तो भ्रमणध्वनीवर वाजवून पक्ष्याला बोलावू नका. पक्षी पाण्यावर वाकलेल्या खालच्या फांदीवर येतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० च्या पुढे जाईल आणि चित्रात कण दिसतील, दिसू द्या. हात बसेपर्यंत हिवाळ्यात भिगवणला जावे. तेथे उजनी धरणाच्या फुगवट्यावर कुंभारगावातून मच्छीमारांच्या होड्या मिळतात आणि रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक व पट्टकदंब हंस यांच्यासाठी ४०० मिमी पुरते, मात्र थव्यात होडी घालायला नावाड्याला सांगू नये.

ते बीळ घोरपडीने उकरले असेल, आणि नेचे तसेच असते तरीही तिने ते शोधले असते, हे शक्य आहे. आदल्या दोन रात्रींच्या मुसळधार पावसाने दरड खचली असेल, हेही शक्य आहे. रीतसर परवानगी घेऊन घरट्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना माझे काहीच म्हणणे लागू होत नाही. शिवाय त्या दिवशी बटण मीही दाबले होते आणि ती चित्रे दोन वर्षे मिरवलीही होती. पण ते ज्येष्ठ येथे नेहमी वाचायला येतात आणि माझ्या प्रत्येक उत्तराखाली ‘भावनिक होऊ नका’ असे लिहितात, म्हणून त्यांना विचारतो : पक्ष्याला आपला काहीच त्रास होत नव्हता, तर कात्री घरूनच खिशात घालून का आणली होती?