भुताखेताचं लिहून पोट भरेल का?

ताई, नमस्कार.

मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रात्र-रात्र जागून कधी भयकथा लिहितो, कधी रहस्यकथा, आणि आता कॉलेज सोडून नुसतं लिहायचं म्हणतो, असं तुम्ही कळवलंत. ‘लिहायचंच तर काही चांगलं तरी लिही’ असं तुम्ही त्याला म्हणालात, ते मला पटलं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि कित्येक घरांत वाचनाची गोडी त्यांच्यामुळेच लागली. या प्रकारात वाचक दुसऱ्या पानावर कंटाळला की पुस्तक मिटतो, त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात आपोआप तयार होतो. सुहास शिरवळकर रहस्यकथांमधूनच पुढे सामाजिक कादंबरीकडे वळले.

पोटाची काळजी मात्र तुमची खरी आहे. रत्नाकर मतकरींनी गूढकथा, बालनाट्यं, नाटकं, कादंबऱ्या असं सगळं लिहिलं, पण 1978 पर्यंत सुमारे 20 वर्षं बँक ऑफ इंडियातली नोकरीही केली. म्हणून बी.कॉम. सोडू देऊ नका. नोकरीचा पगार असला की पैशासाठी मिळेल ते लिहावं लागत नाही. पुढे ऑडिओ कथा, मालिकांचे संवाद अशी कामं मिळू लागली, की नोकरीचा विचार पुन्हा करता येईल.

एक गोष्ट त्याला आत्ताच सांगा. करारावर वाचल्याशिवाय सही करायची नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क 5 वर्षांसाठीच दिले असं धरतात. पण ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहिलेलं असेल तर गोष्ट हातची गेली. छापील पुस्तक, ऑडिओ आणि चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे द्यावेत.

सगळे प्रकार एकदम हाताळायची घाई नको. वर्षभर फक्त रहस्यकथा, आणि प्रत्येक शेवटापर्यंत नेलेली. हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून जुन्या कथा वाचू दे, गुन्हेगाराचा सुगावा लेखकाने कुठे पेरलाय ते पेन्सिलीने वहीत उतरवू दे. आपल्या सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी कानावर पडते. संवाद लिहिणाऱ्याला याहून मोठी शाळा पुण्यातही मिळणार नाही. दिवाळी अंकासाठी कथा पाठवायची तर जूनच्या आत तयार हवी.

आणि ताई, त्याची एक तरी कथा तुम्ही वाचा. वाचली असल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही.