'दिवाण' हा शब्द अरबी की फारसी? दिवाणी कोर्ट, गालिबचा दीवान आणि हॉलमधला दिवाण हे सगळे एकच का?

हो, तिन्ही एकच. चौथा 'दिवाना' मात्र या घरातला नाही, त्याच्याकडे शेवटी येतो.

अरबी की फारसी याचं सरळ उत्तर द्यायचं तर जन्म इराणातला, पण नाव कमावलं अरबांकडे. जुन्या फारसीत 'दिपि' म्हणजे लिहिलेला मजकूर. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवहुशने (इंग्रजीत डॅरियस) जो लेख कोरून घेतला, त्याला तो स्वतः 'दिपि'च म्हणतो. हा शब्दही इराण्यांचा मूळचा नव्हे. इराक-इराण भागातल्या प्राचीन भाषांतून तो आला: सुमेरी 'दुब' म्हणजे मातीची पाटी, तिथून अक्कदी 'तुप्पु', मग एलामी 'तुप्पि', आणि तिथून दिपि. ही दिपि जिथे ठेवायची ती जागा, म्हणजे दप्तरखाना, तो 'देवान'. पुढे त्याचाच 'दीवान' झाला.

आता आपल्या जवळची गंमत. सम्राट अशोकाचे लेख इतरत्र 'धंमलिपि' म्हणतात, पण पेशावरच्या बाजूच्या शाहबाजगढीच्या खडकावर 'ध्रमदिपि' आहे. तो मुलूख आधी इराणी साम्राज्यात होता, त्याची ही खूण. आपली 'लिपी' या दिपिवरूनच आली असं बरेच अभ्यासक मानतात. दिपि लिहिणारा तो 'दबीर', आणि हा दबीर म्हणजे शिवाजी महाराजांच्या दरबारातला डबीर, म्हणजे परराष्ट्र कारभार पाहणारा मंत्री. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदनामं बदलली तेव्हा डबीराचा सुमंत झाला, पण डबीर आडनाव आजही आहे. म्हणजे डबीर आणि दिवाण आडनावांची माणसं शब्दांच्या नात्याने भावकीतली निघतात!

अरबांकडे हा शब्द गेला तो पैशाच्या हिशेबापायी. सातव्या शतकात इराक, शाम (सीरिया), मिसर (इजिप्त) एकामागोमाग हाती आले आणि मदिनेत खजिन्याचा ओघ सुरू झाला. कोणाला किती द्यायचं? खलिफा उमर यांनी कबिल्यांप्रमाणे याद्या करवल्या: प्रेषितांचे नातलग आधी, मग इस्लाम आधी स्वीकारणारे आधी, नंतरचे नंतर. या नोंदवहीला नाव मिळालं दीवान.

पण इराकातल्या महसुलाच्या वह्या पुढेही काही दशकं फारसीतच होत्या आणि कारकूनही इराणीच. खलिफा अब्दुल मलिकच्या कारकिर्दीत (685 ते 705) इराकचा सुभेदार हज्जाज याने त्या अरबीत आणायचं ठरवलं आणि काम सालिह इब्न अब्दुर्रहमान या कारकुनावर सोपवलं. बलाझुरी हा इतिहासकार सांगतो की जुन्या फारसी कारकुनाच्या मुलाने सालिहला अडवून विचारलं, अपूर्णांकांचे आमचे शब्द तू अरबीत कसे लिहिणार? सालिहने एकेकाचा प्रतिशब्द सांगितला. मग इराण्यांनी त्याला एक लाख दिरहम देऊ केले, 'जमत नाही' एवढंच सांग म्हणून. तो बधला नाही. कारकुनी पोटावर पाय आला की माणसं काय काय करतात, ते तेराशे वर्षांत फारसं बदललेलं दिसत नाही.

अरबांनी शब्द नुसता उसना घेतला नाही, त्याला आपलं व्याकरण लावलं. अनेकवचन 'दवावीन'. 'नोंदवणे' हे क्रियापद 'दव्वन'. इतकंच काय, आजच्या अरबीत ब्लॉगला 'मुदव्वना' म्हणतात, तोही इथलाच. त्यामुळे कोणी अरब मित्र हा शब्द आमचाच म्हणाला तर मी वाद घालणार नाही.

कवितेचा दीवानही या नोंदवहीतूनच निघाला. 'कविता हा अरबांचा दीवान' अशी त्यांच्यात जुनी म्हण आहे: वंशावळ, लढाया, वैर, दानधर्म सगळं कवितेत नोंदलेलं, म्हणून. पुढे एका कवीच्या रचनांचा संग्रह म्हणजे दीवान, आणि या अर्थाने तो फारसीत परतला. फारसी कवी हाफिजचा दीवान इराणी घरांत आजही कौल लावायला उघडतात. गालिबचा दीवान याच परंपरेतला.

वहीवरून कचेरी, कचेरीवरून तिथे भरणारी सभा. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात उस्मानी (ऑटोमन तुर्की) वजिरांचा दीवान भरायचा ती खोली अजून आहे. भिंतीला लागून गाद्यांची बैठक आणि वर एक जाळीची खिडकी. सुलतान तिच्यामागून कामकाज ऐके. तो आत आहे की नाही हे खाली कळायचं नाही. अशा बैठकीलाच दीवान म्हणू लागले, ती अठराव्या शतकात युरोपच्या दिवाणखान्यांत पोचली, आणि आज आपण फर्निचरच्या दुकानात 'खाली सामान ठेवायला जागा असलेला दिवाण दाखवा' म्हणतो. जकातनाक्याला इटालियनमध्ये 'दोगाना' आणि फ्रेंचमध्ये 'दुआन' म्हणतात, तीही याचीच पोरं.

दिवाणी कोर्टाची वाट वेगळी. मुघल सुभ्यात महसूल पाहणारा तो दिवाण. 1765 मध्ये मुघल बादशहा शाह आलमने बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला दिली. महसुलाबरोबर जमीनजुमल्याचे आणि देण्याघेण्याचे तंटे आलेच. 1772 पासून वॉरन हेस्टिंग्जने त्यांच्यासाठी दिवाणी अदालती बसवल्या, गुन्ह्यांसाठी फौजदारी वेगळ्या. जुन्या मराठी कागदांत 'दिवाण' म्हणजे थेट सरकारच.

आता 'दिवाना'. इब्न खल्दून हा अरब इतिहासकार एक आख्यायिका देतो: इराणचा बादशहा कचेरीत गेला, कारकून मनातल्या मनात हिशेब करताना पुटपुटत होते, तो म्हणाला, 'दीवाने!', आणि कचेरीला तेच नाव पडलं. गोष्ट झकास आहे, व्युत्पत्ती म्हणून निकामी. दीवाना आला 'देव'वरून, म्हणजे देवाने झपाटलेला. फक्त इराणात देव म्हणजे राक्षस. शब्द मात्र आपल्या देवाचाच सख्खा भाऊ.