शेततळ्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) किती टाकायचा?

प्रश्न: द्राक्षबागेच्या शेततळ्यात रोहू-कटला सोडले आहेत. महिनाभर पाणी पोपटी झालंय, वाऱ्याच्या कडेला हिरवी साय जमते, ठिबकचे फिल्टर सारखे चोंदतात. बोर्डोसाठी (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) आणलेला मोरचूद घरात पडून आहे. टाकला तर चालेल का? किती टाकावा? (द्राक्ष बागायतदार, ता. निफाड)

उत्तर: चालेल, पण आधी दोन आकडे हातात हवेत: तळ्यात आज पाणी किती आणि त्या पाण्याची अल्कलिनिटी किती. ‘एकरी इतके किलो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एकरात पाण्याची खोली येत नाही.

समजा तळ 24×24 मीटर, उतार 1:1 आणि आज 2 मीटर पाणी आहे. मग पाण्याचा पृष्ठभाग 28×28 मीटर आणि साठा सुमारे 1355 घनमीटर. काठावरची 30×30×3 ही मापं धरून सरळ गुणाकार केलात तर 2700 येतात, म्हणजे मोरचूद दुप्पट पडतो. मासे मारायला ही एवढी चूक पुरते.

अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद. पाणी परीक्षणाच्या अहवालात कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचे आकडे लिटरला मिलीइक्विव्हॅलंटमध्ये असतात. दोन्हींची बेरीज करून 50 ने गुणा. बेरीज 2.4 असेल तर अल्कलिनिटी 120. तिला 100 ने भागलं की दर घनमीटरला लागणारा मोरचूद ग्रॅममध्ये मिळतो: 1.2. म्हणजे 1355 × 1.2, साधारण 1.6 किलो. अल्कलिनिटी 50 च्या खाली असेल तर मोरचुदाला हातच लावू नका. 250 च्या वर गेली तरी घनमीटरला अडीच ग्रॅमच्या पुढे जाऊ नका.

कारण माशाला मारतं ते पाण्यात सुटं फिरणारं तांबं. ते कल्ल्यांना चिकटतं. जड पाण्यात कार्बोनेट त्या तांब्याला बांधून ठेवतं आणि कॅल्शियम कल्ल्यांवरची जागा आधीच अडवून बसतं. म्हणून बोअरच्या पाण्यात जी मात्रा निभते, तीच पावसाच्या पाण्याने भरलेल्या तळ्यात जीव घेते. पावसाळ्यानंतर जुना अहवाल वापरू नका.

मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा. लोखंडी किंवा पत्र्याच्या बादलीत तांबं पत्र्यावरच बसतं आणि मात्रा उतरते. चुना मिसळून तयार केलेलं बोर्डो ओतू नका, त्यातलं तांबं बांधलेलं असतं, तळाशी जाऊन बसतं. कडक उन्हाचा दिवस निवडा, सकाळी दहानंतर पंपाने सगळीकडे सारखं फवारा. त्याआधी वाऱ्याच्या कडेची साय कापडाने ओढून बाहेर काढा. जेवढी बाहेर निघेल तेवढी आत सडणार नाही.

एक गोष्ट बघून घ्या. ते पाणी काचेच्या बाटलीत भरून सावलीत दोन तास ठेवा. हिरवा थर वर आला तर ते निळं-हिरवं शेवाळ, पेशीतल्या हवेच्या पोकळ्यांमुळे तरंगतं. त्यातल्या काही जाती विषारी असतात आणि पेशी फुटल्या की विष पाण्यात उतरतं. निदान दोन आठवडे हे पाणी जनावरांना पाजू नका. मेंढ्यांना तर तांबं फारच लवकर बाधतं.

प्रश्न: मात्रा बरोबर होती. दोन दिवस मासे ठणठणीत होते. तिसऱ्या दिवशी पहाटे मोठे कटले मेलेले तरंगत होते. मोरचूद उशिरा लागला का? (मत्स्यपालक, ता. तासगाव)

उत्तर: तांब्याने मेले असते तर पहिल्या दिवसातच लक्षणं दिसली असती. तुमचे मासे गुदमरले. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री सगळ्यांबरोबर तोच वापरतं, म्हणून तळ्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या जरा आधी सर्वांत कमी असतो. शेवाळ मेलं की दिवसाची भर बंद आणि कुजण्याचा खर्च सुरू. त्यात ढगाळ हवा आली तर विचारूच नका. मोठा मासा आधी जातो, म्हणून कटले गेले.

मोठ्या तलावात एक तृतीयांश भागावर औषध टाकून आठ-दहा दिवस थांबतात. तुमच्या तळ्यात पाणी दिवसभरात एकजीव होतं, त्यामुळे त्या युक्तीचा भरवसा नाही. मोरचूद टाकल्यापासून आठवडाभर रात्री एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवा. नसेल तर पंपाने तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडा, आणि खाद्य बंद. पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले तर ताबडतोब पंप लावा, उजाडायची वाट बघू नका.

प्रश्न: युरिया पूर्ण बंद केला. माशांसाठी फक्त शेण आणि सुपर फॉस्फेट घालतो. तरी साय हटत नाही.

उत्तर: नत्र थांबवलंत आणि स्फुरद चालू ठेवलंत, म्हणजे नेमकं नको त्याला निवडलंत. निळ्या-हिरव्या शेवाळातल्या अ‍ॅनाबिनासारख्या जाती हवेतलं नत्र स्वतः घेतात. 1973 साली कॅनडातल्या ऑन्टारिओत डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने 226 क्रमांकाचं तळं पडदा टाकून दोन भागांत तोडलं. दोन्हीकडे कर्ब आणि नत्र घातलं, स्फुरद मात्र एकाच बाजूला. हिरवी झाली ती तीच बाजू.

सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के पी-टू-ओ-फाइव्ह (स्फुरदाचं ऑक्साइड) असतं, म्हणजे किलोमागे सुमारे 70 ग्रॅम स्फुरद. वरच्या 1355 घनमीटरच्या तळ्यात दोन किलो टाकलेत की लिटरला 0.1 मिलीग्रॅम होतं, आणि पाणी गच्च हिरवं व्हायला तेवढं पुरतं. शिवाय पाण्यात 20 सेंटिमीटरची पांढरी थाळी दोरीने सोडून बघा. 30-40 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर खताची गरज नाही. 20 च्या आत दिसेनाशी झाली तर खाद्यही निम्म्यावर आणा.

दाट शेवाळाचा आणखी एक त्रास दुपारी होतो. ते पाण्यातला कर्बवायू ओढतं आणि सामू (पीएच) 9 च्या पुढे जातो. शेण कुजलं की पाण्यात अमोनिया सुटतो. सामू 7 असताना एकूण अमोनियातला विषारी भाग एक टक्क्याहून कमी असतो, 9 ला तो उन्हाळी पाण्यात सुमारे 40 टक्के होतो. ताज्या शेणाचा ढीग तळ्यात टाकणं म्हणूनच महागात पडतं.

आणि मोरचुदाने स्फुरद जात नाही, मेलेल्या शेवाळातून ते परत पाण्यात येतं. तांबंही जात नाही. 1.6 किलो मोरचुदात 400 ग्रॅम तांबं, वर्षातून सहा वेळा टाकलात तर तळाच्या गाळात 2.4 किलो. तो गाळ शेवटी तुम्ही बागेतच टाकणार.

प्रश्न: डासांसाठी सिमेंटच्या टाकीत गप्पी मासे सोडलेत. शेवाळ होऊ नये म्हणून तांब्याची तार टाकली तर?

उत्तर: नको. तार किती विरघळेल यावर तुमचा ताबा राहत नाही, आणि पावसाचं मऊ पाणी असेल तर जास्तच विरघळते. जस्ताच्या पत्र्याचं झाकण असेल तर त्यावरून टपकणारं पाणीही टाळा, जस्तही माशांना बाधतं. टाकी झाका, ऊन अडवलं की शेवाळ धरत नाही. आतल्या भिंती महिन्यातून एकदा नारळाच्या काथ्याने घासा.